सह्या झाल्यानंतर

नवी मुंबईत ऐरोलीला पटनी कॉम्प्युटर सिस्टीम्सच्या आवारात 2010 साली नोकरीला लागलेल्या इंजिनिअरने पुढच्या सहा वर्षांत, जागचं न हलता, तीन कंपन्यांची ओळखपत्रं गळ्यात घातली असतील. जानेवारी 2011 मध्ये आयगेट ही कंपनी पटनी विकत घेत असल्याचं जाहीर झालं. घेणारी कंपनी घेतल्या जाणाऱ्या कंपनीपेक्षा लहान, त्यामुळे त्या सौद्याची चर्चाही झाली. एप्रिल 2015 मध्ये फ्रान्सच्या कॅपजेमिनीने आयगेटच घेत असल्याचं जाहीर केलं, सुमारे चार अब्ज डॉलरना. दोन्ही वेळा बातम्यांत आलं ते किती डॉलर, कोणाचे शेअर आणि कोण अध्यक्ष, एवढंच. त्या इंजिनिअरपुढचे प्रश्न निराळे होते. साठलेली रजा शिल्लक राहणार की बुडणार? आपला हुद्दा नव्या कंपनीच्या कुठल्या श्रेणीत बसणार? पगाराची स्लिप आता कुठल्या पोर्टलवर दिसणार, आणि ग्राहकाला जाणाऱ्या बिलावर नाव कोणाचं? या प्रश्नांची उत्तरं कोणाला तरी शोधावी लागतात, एकमेकांशी जुळवावी लागतात आणि ठरल्या तारखेला अमलात आणावी लागतात. हे पुस्तक त्या माणसाबद्दल आहे.

मराठीत उद्योगपतींची चरित्रं भरपूर आहेत. शेअर बाजारावरची पुस्तकं तर रेल्वे स्टेशनवरच्या स्टॉलवरही मिळतात. पण कंपनी विकत घेतल्यावर ती प्रत्यक्षात एक कशी होते, हे फारसं कोणी सांगत नाही. सांगितलंच तर 'दोन संस्कृतींचा संगम' अशा भाषेत, आणि त्यातून सोमवारी सकाळी कामावर गेल्यावर काय करायचं ते कळत नाही. हिंजवडी, ऐरोली, वांद्रे-कुर्ला संकुल इथे हे काम करणारी मराठी माणसं आज पुष्कळ आहेत. त्यांच्या व्हिजिटिंग कार्डावर 'इंटिग्रेशन मॅनेजर' असं असतं, आणि घरच्यांना ते नेमकं काय करतात हे समजावताना त्यांची पंचाईत होते.

सौद्याच्या दिवसापर्यंत टेबलाभोवती गर्दी असते. इन्व्हेस्टमेंट बँकर असतात, वकील असतात, मूल्यांकन करणारे असतात. व्यवहार पुरा झाला की त्यांची बिलं निघतात आणि ते पुढच्या सौद्याकडे वळतात. मागे उरतो एक एक्सेलचा तक्ता आणि त्यात एक आकडा: दोन्ही कंपन्या एक झाल्यावर दरसाल किती खर्च वाचेल. आकडा लिहिणारे आता खोलीत नसतात, आणि तो शेअर बाजाराला सांगून झालेला असतो. प्रोजेक्ट मॅनेजर बहुतेक वेळा खोलीत शिरतो तो या टप्प्यावर. माझ्या मते ही पहिली चूक. ज्याला काम करायचं आहे त्याला आकडा ठरतानाच बोलवायला हवं. 'हा कारखाना अठरा महिन्यांत हलणार नाही' हे सांगणारा निदान एक माणूस तरी तिथे असायला हवा.

या मॅनेजरच्या अधिकाराचंही तसंच. कागदावर तो थेट वरच्या समितीला जबाबदार असतो, पण ज्यांच्याकडून काम करून घ्यायचं त्यांतलं कोणीच त्याच्या हाताखाली नसतं. वित्त विभागाचे दोन प्रमुख त्याच्यासमोर बसलेले असतात. वर्षभरात त्यातला एकच राहणार हे दोघांनाही ठाऊक असतं, कोण ते ठाऊक नसतं. त्याच दोघांकडून त्याला हिशेबाची एकच पद्धत ठरवून घ्यायची असते. दोघंही सहकार्य करतो म्हणतात, आणि बैठकीला दोघंही आपापल्या सहायकाला पाठवतात. अशा वेळी आवाज चढवून काही होत नाही. त्याच्याकडे एकच भांडवल असतं. या विभागाचं काम त्या विभागाच्या कुठल्या कामावर अडलेलं आहे, हे सगळ्यांत आधी त्याला दिसतं.

पगाराचंच घ्या. दोन कंपन्यांचा पगार एका यंत्रणेतून निघायला लागणं हे वरून अगदी किरकोळ वाटतं. एचआर म्हणतं, 1 एप्रिलपासून करू. त्यांचं बरोबर असतं, कारण वर्षाच्या मधेच मालक बदलला तर कर्मचाऱ्याला दोन फॉर्म 16 मिळतात, कराच्या वजावटीचा घोळ होतो आणि जुलैमध्ये विवरणपत्र भरताना सगळे एचआरच्या दारात उभे राहतात. पण 1 एप्रिल म्हटलं की वित्त विभाग हात वर करतो. मार्चअखेरीचा हिशेब बंद करायचा, ऑडिटर बसलेले, त्यात नव्या यंत्रणेची चाचणी कोण करणार? त्यांचंही बरोबर असतं. भविष्यनिर्वाह निधीचं खातं, टीडीएसचा टॅन, राज्याराज्यातला व्यवसाय कर, पगार जमा करणाऱ्या बँकेशी असलेला करार, हजेरीचं यंत्र हे सगळं या एका तारखेला बांधलेलं. जानेवारीतच ही गाठ ओळखून चाचणी फेब्रुवारीत उरकून घेणारा मॅनेजर आणि 25 मार्चला ती कळणारा मॅनेजर, दोघांच्या पदाचं नाव एकच असतं.

यात कायद्याची अडचण वेगळी. सौदा जाहीर होणं आणि तो पुरा होणं यांत महिने जातात, कधी वर्षं जातात. मोठ्या सौद्याला भारतात स्पर्धा आयोगाची परवानगी लागते, आणि ती मिळेपर्यंत दोन्ही कंपन्यांनी वेगवेगळ्या कंपन्यांसारखंच वागायचं असतं. एकमेकींचे दर, ग्राहकांच्या अटी, पुढचे बेत सांगायचे नाहीत. तयारी करायची, पण अंमल करायचा नाही. म्हणून काही सौद्यांत 'क्लीन टीम' नेमतात: मोजके, शक्यतो बाहेरचे लोक दोन्हीकडची गोपनीय माहिती पाहतात आणि आपापल्या कंपनीतही त्याबद्दल बोलत नाहीत. उत्साही विक्रीप्रमुख या काळात पलीकडच्या विक्रीप्रमुखाला 'सहज' चहाला बोलावतो. तो चहा थांबवणं हेही मॅनेजरच्याच कामात येतं.

मग येतो तो दिवस, ज्याला या धंद्यात 'डे वन' म्हणतात. नवख्या लोकांना वाटतं, त्या दिवशी सगळं एक झालं पाहिजे. जाणत्यांची यादी उलटी असते: त्या दिवशी काय *बदलायचं नाही*. याचं अलीकडचं देखणं उदाहरण विस्ताराचं आहे. टाटा समूहाने एअर इंडिया ताब्यात घेतली 27 जानेवारी 2022 रोजी. विस्तारा ही टाटा आणि सिंगापूर एअरलाइन्सची कंपनी एअर इंडियात विलीन करायचं त्याच वर्षी नोव्हेंबरात जाहीर झालं. प्रत्यक्षात विलीनीकरण झालं 12 नोव्हेंबर 2024 रोजी, म्हणजे जवळपास दोन वर्षांनी. मधल्या काळात स्पर्धा आयोग, कंपनी न्यायाधिकरण, परकीय गुंतवणुकीची मंजुरी, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय अशी दारं एकामागून एक ओलांडायची होती. 3 सप्टेंबर 2024 पासून, 12 नोव्हेंबर आणि त्यापुढच्या प्रवासासाठी विस्ताराच्या नावाने तिकीट मिळणं बंद झालं.

आणि उड्डाणांचे क्रमांक? विस्ताराचा संकेत यूके, एअर इंडियाचा एआय. पूर्वीच्या विस्ताराच्या विमानांच्या उड्डाणांना एआय लावताना पुढे 2 हा आकडा जोडला. यूके 955 चं एआय 2955 झालं. विलीनीकरणाच्या रात्री दोहाहून मुंबईला निघालेलं एआय 2286 आणि मध्यरात्रीनंतर मुंबईहून दिल्लीला गेलेलं एआय 2984 ही नव्या क्रमांकाची पहिली उड्डाणं. परवाना एक झाला, संकेत एक झाला, काउंटर एक झालं. पण तिकिटावर 2 दिसला की प्रवाशाला कळावं की विमान, कर्मचारी आणि खाणं-पिणं अजून विस्ताराचंच आहे. त्या एका आकड्याने कंपनीला सवड मिळवून दिली. पहिल्याच दिवशी सगळ्या विमानांतल्या खुर्च्या, गणवेश आणि जेवणाच्या थाळ्या एक करायचा हट्ट कोणी धरला नाही. प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या पाठ्यपुस्तकात अशा आकड्याला जागा नसते. मला विचाराल तर त्या विलीनीकरणातला तो सर्वांत विचारी निर्णय होता.

अर्थात सगळंच इतकं सुरळीत झालं नाही. 2024 च्या मार्चअखेरीस आणि एप्रिलमध्ये विस्ताराची उड्डाणं धडाधड रद्द होऊ लागली. शेवटी कंपनीला रोजची पंचवीस-तीस उड्डाणं, म्हणजे साधारण दहा टक्के, कमी करावी लागली. पायलट कमी पडत होते. विलीनीकरणासाठी दोन्हीकडचे पगार जुळवताना जो नवा करार आला, त्यात हमखास मिळणारे उड्डाणाचे तास पूर्वीपेक्षा कमी धरले होते, आणि पायलटांची नाराजी तिथून सुरू झाली. आराखड्यात ते 'वेतन सुसूत्रीकरण' या नावाने एका ओळीत बसलं असेल. विमानतळावर ती ओळ हजारो प्रवाशांच्या रांगेत उतरली.

एअर इंडियासाठी हे नवीन नव्हतं. ती याआधी एकदा विलीन झालेली आहे, आणि तो अनुभव या विषयावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने अभ्यासावा असा आहे. ऑगस्ट 2007 मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांची मिळून नॅशनल एव्हिएशन कंपनी ऑफ इंडिया झाली. कागदावर एक कंपनी, नरिमन पॉइंटला एक मुख्यालय. पण देशांतर्गत विमानांवरचा आयसी हा जुना संकेत गेला फेब्रुवारी 2011 मध्ये. साडेतीन वर्षं एकाच कंपनीची विमानं दोन नावांनी उडत होती. विमानांच्या प्रचंड ऑर्डरी दोघींनीही विलीनीकरणाआधीच स्वतंत्रपणे देऊन टाकल्या होत्या: एकीने बोइंगला 68 विमानांची, दुसरीने एअरबसला 43 ची. एकत्र येण्याचा फायदा ज्या एका खरेदीत सर्वाधिक झाला असता, ती खरेदी आधीच उरकलेली. पण खरी गाठ माणसांची होती. दोन्हीकडच्या पायलटांची वेतनश्रेणी वेगळी, बढतीचे नियम वेगळे, सेवाज्येष्ठतेच्या याद्या वेगळ्या. या याद्या एक कशा करायच्या हे ठरवायला निवृत्त न्यायमूर्ती धर्माधिकारी यांची समिती नेमली गेली 2011 मध्ये, आणि तिचा अहवाल आला जानेवारी 2012 मध्ये. विलीनीकरणाला तेव्हा चार वर्षं उलटून गेली होती. त्याच वर्षी मे महिन्यात मूळच्या एअर इंडियाचे पायलट संपावर गेले. कारण काय? नव्या बोइंग ड्रीमलायनरचं प्रशिक्षण पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या पायलटांनाही द्यायचं ठरलं. तो संप 58 दिवस चालला.

या प्रकाराला 'संस्कृतीचा संघर्ष' म्हणायची पद्धत आहे. मला तो शब्द पटत नाही. संस्कृती म्हटलं की जबाबदारी कोणाचीच राहत नाही, एखादी कार्यशाळा भरवायची, सगळ्यांना एकाच रंगाचे टी-शर्ट द्यायचे आणि मोकळं व्हायचं. बहुतेक वेळा त्या शब्दाखाली दडलेली असते ती सेवाज्येष्ठतेची यादी. आपल्याहून सात वर्षं नंतर लागलेला माणूस आपल्या वर जाणार, ही भीती व्याख्यानाने जात नाही. ती यादी जाहीर करून, हरकती मागवून, उत्तरं देऊन जाते, किंवा निदान कमी होते. हे काम कंटाळवाणं आहे, त्यात कौतुक नाही, आणि म्हणूनच ते 'नंतर बघू'च्या रकान्यात पडतं. प्रोजेक्ट मॅनेजरने तो रकाना पहिल्या महिन्यातच रिकामा करायला लावावा. त्यासाठी अध्यक्षांच्या दारात बसावं लागलं तरी बसावं.

आता तारखेबद्दल, कारण या पेशाची कसोटी तारखेवर लागते. ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेची गोष्ट त्यासाठी पुरेशी आहे. टीएसबी पूर्वी लॉइड्सच्या पोटात होती. 2015 मध्ये स्पेनच्या सबादेल बँकेने ती 1.7 अब्ज पौंडांना घेतली. बँक घेतली, पण तिची सगळी खाती अजून लॉइड्सच्याच संगणक यंत्रणेवर चालत होती, आणि त्याचं भाडं टीएसबी लॉइड्सला दरसाल मोजत होती. सबादेलने ठरवलं की आपल्या यंत्रणेची ब्रिटिश आवृत्ती तयार करायची आणि 52 लाख ग्राहक त्यावर न्यायचे. काम सबादेलच्याच तंत्रज्ञान कंपनीकडे दिलं, आणि तिने पुढे अनेक पुरवठादारांकडे वाटलं. पहिली तारीख होती नोव्हेंबर 2017. ती पाळता येणार नाही हे सप्टेंबरमध्ये कबूल करावं लागलं. इथवर काहीच बिघडलेलं नव्हतं. तारीख पुढे जाणं हा गुन्हा नव्हे. बिघडलं ते पुढे. नव्या आराखड्यात आधी शेवटची तारीख धरली आणि तिथून मागे येत कामं बसवली. किती काम उरलंय हे मोजून तारीख ठरली नाही, तारखेत बसेल एवढं काम उरलंय असं मानलं गेलं. नंतर नेमलेल्या वकिली फर्मच्या चौकशी अहवालात या उलट्या आखणीवर नेमकं बोट ठेवलं आहे.

20 ते 22 एप्रिल 2018 या शुक्रवार ते रविवारच्या तीन दिवसांत एकाच दमात सगळे ग्राहक हलवले. माहिती नीट पोहोचली, एकूण एक खातं पोहोचलं. कोसळली ती नवी यंत्रणा. लोकांना खातं उघडता येईना, काहींना भलत्याच माणसांची खाती दिसली, शाखांतही काम ठप्प झालं. तब्बल 19 लाख लोकांना आपलं खातं वापरता येईना. नव्या यंत्रणेची दोन डेटा सेंटर एकाच वेळी काम करणार होती. पूर्ण ताणाची चाचणी मात्र त्यातल्या एकाचीच झालेली होती, आणि दोघांच्या मांडणीत फरक होता. रंगीत तालीम अर्ध्याच नटांना घेऊन झाली, असं म्हणा. सप्टेंबरमध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी गेले. कारभार पूर्वपदावर यायला डिसेंबर उजाडला. सव्वादोन लाखांवर तक्रारी आल्या. 2022 च्या डिसेंबरात नियामकांनी 4 कोटी 86 लाख पौंडांचा दंड केला. पुढच्या वर्षी बँकेच्या तेव्हाच्या मुख्य माहिती अधिकाऱ्यालाही व्यक्तिशः दंड झाला, कारण 'आम्ही तयार आहोत' हे पुरवठादाराचं पत्र त्याने पुरेसं पारखून घेतलं नव्हतं.

या शेवटच्या मुद्द्याकडे वाचकांनी लक्ष द्यावं. 'तयार आहोत' या वाक्याचे दोन अर्थ होतात. एक, तयारी झाली आहे. दुसरा, त्या दिवसापर्यंत होईल अशी आशा आहे. आठवड्याच्या अहवालात दोन्ही हिरव्याच रंगाने रंगवले जातात. प्रोजेक्ट मॅनेजरने कागदावरचा हिरवा पाहून न थांबता विचारायचं असतं: चाचणी कोणी केली, कधी केली, किती लोक एकाच वेळी आत सोडले, नापास काय झालं? चाचणीत काहीच नापास झालं नसेल तर चाचणीच झाली नाही असं समजावं. आणि 'जायचं की थांबायचं' या अखेरच्या बैठकीत थांबायचं म्हणायची सोय खरोखर शिल्लक हवी. नाही म्हटल्यावर नोकरी जाणार असेल, तर त्या बैठकीत चहा-बिस्किटांपलीकडे काही होत नाही.

आपल्याकडच्या बँकांनी याबाबतीत निराळी वाट धरली. बँक ऑफ बडोदात 1 एप्रिल 2019 रोजी विजया आणि देना या दोन बँका मिसळल्या. तिन्ही बँकांचं मूळ सॉफ्टवेअर फिनॅकलच होतं, तरीही खाती एकदम हलवली नाहीत. आधी विजयाच्या शाखा, मग देनाच्या, तुकड्यातुकड्याने. मधे टाळेबंदी आली. शेवटची शाखा जोडली गेली डिसेंबर 2020 मध्ये, आणि जुने आयएफएससी क्रमांक बंद झाले 1 मार्च 2021 पासून. ग्राहकांनी त्या काळात चेकबुकांवरून, बदललेल्या क्रमांकांवरून आणि अडकलेल्या हप्त्यांवरून कुरकुर केली, तीही रास्तच. पण एका सोमवारी सकाळी लाखो लोकांचे पैसे दिसेनासे झाले, असं काही घडलं नाही. संथपणाला या धंद्यात किंमत मिळत नाही. ती मिळायला हवी.

खर्च वाचवण्याच्या आकड्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण पुस्तकात त्यावर सविस्तर प्रकरण आहे. वाचलेला खर्च मोजता येतो: शेजारशेजारच्या दोन शाखांतली एक बंद केली, दोन गोदामांचं एक केलं, लायसन्स कमी घेतली. कंटाळून निघून गेलेला ग्राहक आणि प्रतिस्पर्ध्याकडे गेलेला अनुभवी फोरमन यांचा रकाना त्या तक्त्यात नसतो. मॅनेजरने तो स्वतः घालावा. कोणी मागितला नसला तरीही.

पुस्तकाची रचना काळाच्या क्रमाने आहे. जाहीर होण्याआधी, परवानग्यांच्या काळात, पहिल्या दिवशी, आणि पुढे. पण ज्यांच्या कंपनीचा सौदा नुकताच वर्तमानपत्रात आला असेल त्यांनी क्रमाने वाचत बसू नये. त्यांनी थेट माणसांच्या याद्यांवरचं प्रकरण काढावं, मग चाचण्यांवरचं. कायद्याचं प्रकरण वकिलाकडून समजून घ्यावं. पुस्तक वाचून कायद्याचा निर्णय घेऊ नये. आणि ज्यांना वाटतं की हे सगळं टीएसबीसारख्या प्रकरणांनंतर आता सगळ्यांना कळलेलं आहे, त्यांच्यासाठी एक बातमी: जुलै 2025 मध्ये सबादेलने टीएसबी 2.65 अब्ज पौंडांना सान्तान्देर या दुसऱ्या स्पॅनिश बँकेला विकायचं ठरवलं, आणि सान्तान्देरने तिला आपल्या ब्रिटनमधल्या व्यवसायात सामावून घेण्याचा इरादा जाहीर केला. म्हणजे तीच खाती पुन्हा एकदा हलवायची आहेत. तारीख आधी ठरते की काम आधी मोजलं जातं, एवढंच आता पाहायचं.